धुळीची पोती

पस्तीस वर्षांनी तो सिनेमा पुन्हा दाखवला,
आमच्या बंबखान्याच्या मागच्या भिंतीवर.
खुर्च्या ज्याच्या त्यानं आणायच्या,
डास गावातर्फे.

नायक येतो. पिकअपचं दार लाथेनं लावतो.
टेक्सासात दार कुणी लाथेनं लावत नाही,
गाडीचे हप्ते चालू असतात.

वेंडेल स्ट्राउड, निवृत्त डेप्युटी,
गोळ्या बोटांवर मोजत बसलेला:
सहा बारी पिस्तुलातून नऊ,
पुढं पुलावर आणखी चार.
'भरली कधी यानं?'
कॅसेटवर पाहिला तेव्हाही त्यानं हेच विचारलं होतं
आणि तेव्हाही नायकानं उत्तर दिलं नव्हतं.

डेल्फिना उर्कीदेस म्हणते, सिनेमा बरा आहे,
फक्त त्यात आपण नाही.
तिची आई तीन दिवस बाजाराच्या देखाव्यात उभी होती,
हातात मेणाचे टोमॅटो.
मेणाचेही वितळले तेव्हा लाकडाचे आणले.
आई टिकली.
पडद्यावर आला तो हात,
मनगटापर्यंत.

मग स्ट्राउडची नात, वय नऊ,
चिप्सच्या पिशवीतून तोंड काढून म्हणाली,
हा वाईट माणूस वाईट का आहे?
त्याला तर नुसती विहीर हवीय.
यावर कुणी काही बोललं नाही.
गेल्या मार्चमध्ये आम्हीच हात वर करून
तीन विहिरी कंपनीला दिल्या,
आणि कंपनीच्या माणसानं साधी टोपीसुद्धा
काळी घातली नव्हती.

मला विचाराल तर हा सिनेमा धुळीचा आहे.
मी एकोणीस वर्षांचा, रोज तीस डॉलर,
काम एवढंच: घराएवढ्या पंख्यासमोर
फावड्यानं धूळ टाकत राहायची.
आमची धूळ चालली नाही.
फार पांढरी, म्हणाले, फार जड, लगेच खाली बसते.
म्हणून कॅलिफोर्नियाहून ट्रक भरून आली,
तोंड शिवलेल्या पोत्यांत,
तांबूस, चाळलेल्या पिठासारखी.
वाळवंटात धूळ विकत आणणारी माणसं
मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.
पावतीवर सही माझी:
पोती दोनशे चाळीस, मिळाली.
अजून आहे ती कुठं कुठं. वर्षातून एखाद्या दुपारी पाऊस पडला
की शाळेमागचा ओहोळ थोडा वेळ लालसर वाहतो,
मास्तर मुलांना लोखंडाचं प्रमाण समजावतात,
मी गप्प बसतो.

शेवटी घर उडतं.
ते रुबेनमामाचं, खरंखुरं,
चार हजारांना दिलेलं.
मामी गेल्यावर त्याला ते नकोच होतं,
पैशांचं काय केलं हेही त्यानं कधी सांगितलं नाही.
तो पहिल्या रांगेत, नाकात ऑक्सिजनची नळी,
मांडीवर टोपी.
घर उजवीकडून उडालं, डावीकडून उडालं,
वरून, पुन्हा उजवीकडून, सावकाश,
कौलं हवेत थांबून विचार करत असल्यासारखी.
कुणी टाळी वाजवेना.
मग त्यानंच वाजवली.
'चांगलं जळलं,' म्हणाला,
'पण दार माझं नाही ते.'

खरं होतं.
आमचं दार त्यांना पुरेसं जुनं वाटलं नव्हतं.
त्यांनी कोरं दार आणलं, दोन दिवस साखळ्यांनी बडवलं,
वर कॉफी ओतली, उन्हात टाकलं,
आणि ते शंभर वर्षांचं झालं.
मामीनं निळं रंगवलेलं दार
मी पाठीवर घालून नेलं.
मधे तीन पहारेकरी होते, एकानंही हटकलं नाही.
पाठीवर दार घेऊन जाणारा पोरगा
कुणाला कथेतला वाटत नाही.

रात्री खुर्च्या गाडीत टाकून घरी आलो.
कोंबड्या केव्हाच आत गेलेल्या.
खुराड्याला बसावं म्हणून खालून वीतभर कापलंय मी ते,
कडी मात्र तिचीच.
मामाला सांगायचं राहिलंय.
लाथेनं लागत नाही.
जरा उचलून धरावं लागतं,
मग बसते कडी.